हीर, स्पेअर बो आणि सुजलेली खुंटी: मालवणच्या एका रिहर्सलचं प्रकरण

ऑर्केस्ट्रातल्या तंतुवाद्यवाल्यांना काहीतरी उफराटं वाजवायला सांगितलं की ते नाक मुरडतात, जुन्या वळणाचे असतात, त्यांना नवं नको असतं, असा समज नव्या संगीतकारांत हमखास असतो. मालवणात मे महिन्याच्या शेवटाला जे झालं ते मी अगदी जवळून बघितलं, कारण पार्ट्स, म्हणजे प्रत्येक वादकाची सुरांची पानं, छापणं, खुर्च्या-स्टँड जमवणं आणि वादकांचे फोन घेणं ही तिन्ही कामं माझ्या गळ्यात होती. त्यातून माझं मत असं झालंय की आवाज विचित्र आहे म्हणून सहसा कोणी नाही म्हणत नाही. नकारामागे जवळजवळ दरवेळी एखादी वस्तू असते, बोची म्हणजे वाजवायच्या गजाची काठी, खुंटी, वार्निश, आणि ती वस्तू बिघडली तर पैसे कोण भरणार हा प्रश्न असतो. तो कोणी मोठ्याने विचारत नाही म्हणून "आम्हाला हे पटत नाही" असं काहीतरी ऐकू येतं.

नावं देत नाही, सगळे ओळखीचे आहेत आणि पुन्हा एकत्र वाजवायचंय.

संगीतकार देवगडची मुलगी, तिशीच्या आतली. तिने अकरा मिनिटांची रचना लिहिली होती, फक्त तंतुवाद्यांसाठी, अठरा वादक: दहा व्हायोलिन, तीन व्हायोला, तीन चेलो, दोन डबल बास. बहुतेक जण गोव्याचे, काही मुंबईचे, दोघं कोल्हापूरचे, एक बासवाला कुडाळचा. विषय किनाऱ्यावरची एक रात्र: संध्याकाळचा खारा वारा पडतो, मग मतलई वारा सुटतो, रातकिडे, पहाटे रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढतात ते दोर करकरतात, आणि शेवटी पावसाची पहिली सर. कार्यक्रमाआधी जेमतेम दोन दिवस रिहर्सल, हॉल शाळेचा, एसी नाही, पंखे एवढे जोरात की पानं उडू नयेत म्हणून स्टँडला कपड्यांचे चिमटे लावले होते.

तिने काय मागितलं होतं

वाऱ्यासाठी बो थेट ब्रिजच्या, म्हणजे तारा टेकतात त्या लाकडी घोडीच्या, माथ्यावर फिरवायचा आणि डाव्या हाताने तारा नुसत्या झाकायच्या, म्हणजे सूर येत नाही, फक्त श्वासासारखी सूं येते. रातकिड्यांसाठी ब्रिजच्या मागे, टेलपीसकडच्या (तारांचं खालचं टोक अडकवतात तिकडच्या) तुकड्यावर घासायचं. दोरासाठी बो तारेवर गच्च दाबून अगदी हळू ओढायचा. पावसासाठी बोच्या लाकडाने तारांवर आपटायचं. भरती ओसरते तिथे वाजवता वाजवता खुंटी सैल करून सूर खाली घसरवायचा. मध्ये एका ठिकाणी वाद्याच्या अंगावर बोटांनी ठोके, कारण लांबच्या देवळात दशावतार चाललाय. आणि चेलोंना कुरव पक्ष्यांचा आवाज: हार्मोनिक म्हणजे तारेला बोट हलकंच लावून काढलेला शिट्टीसारखा सूर, त्याची बोटं त्याच अंतरावर ठेवून हात खालच्या सुराकडे सरकवला की हार्मोनिक मध्येच तुटून पुन्हा वर उडी मारतो आणि हुबेहूब कुरव ओरडल्यासारखं होतं. जॉर्ज क्रम्ब या अमेरिकन संगीतकाराने 1971 च्या रचनेत चेलोकडून हे करून घेतल्यापासून ते जगभर माहीत झालं.

यातलं खरं म्हणजे काहीच नवीन नाही. टोबायस ह्यूम नावाच्या इंग्लंडमधल्या सैनिकी पेशातल्या माणसाने 1605 मध्ये छापलेल्या पुस्तकात बोच्या पाठीने वाजवा असं लिहून ठेवलंय. बीबर नावाच्या संगीतकाराने 1673 मध्ये लढाईवर रचना केली तेव्हा मोठ्या तंतुवाद्याच्या तारांखाली कागद सरकवून ढोलाचा आवाज काढायला सांगितला होता. फ्रेंच संगीतकार बर्लिओझने 1830 च्या सिम्फनीत चेटकिणींच्या मेळ्यासाठी लाकूड आपटायला लावलं. पोलिश संगीतकार पेंडेरेत्स्कीच्या 1960 च्या 52 तंतुवाद्यांच्या रचनेत तर जमेल तितका वरचा सूर, ब्रिजमागे वाजवणं, अंगावर ठोके सगळंच आहे, आणि जर्मन संगीतकार लाखेनमानने 1969 च्या सुमाराला एकट्या चेलोसाठी अशी रचना केली की तिच्यात नेहमीसारखा सूर शोधावा लागतो. रातकिड्यांचं तर आणखी मजेशीर, अर्जेंटिनातले टँगोवाले व्हायोलिनवादक ब्रिजमागे घासून हाच कर्र आवाज काढतात आणि त्याला तिकडे चिचारा म्हणतात, म्हणजे सिकाडा किडा, आणि लोक त्यावर मजेत नाचतात, कोणी त्याला प्रयोग म्हणत नाही.

पण हा सगळा इतिहास पहिल्या रिहर्सलला तिने वादकांना सांगायला सुरुवात केली आणि त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. ज्याला आपल्या बोची काळजी आहे त्याला 1830 साली कोणीतरी आपटलं होतं हे सांगून काय होणार.

बोच्या काठीवरून

पहिल्या रिहर्सलला वारा आणि रातकिडे एका फटक्यात झाले. कोणी कुरकुर केली नाही, उलट मागच्या बाकावरची दोन पोरं हसत हसत एकमेकांना दाखवत होती कुठे घासलं की जास्त कर्कश येतं. ब्रिजवर राळेची पांढरी भुकटी पडते, ती फडक्याने पुसली की झालं. यातच उत्तर होतं खरं तर, फुकटात होतंय तिथे विरोध नव्हता. मग पाऊस आला.

कन्सर्टमास्तर, म्हणजे व्हायोलिनवाल्यांचे प्रमुख, साठीच्या पुढचे, मडगावकडचे, सगळे त्यांना अंकल म्हणतात. त्यांनी बो मांडीवर ठेवला आणि शांतपणे म्हणाले, "ना गो बाय, हांव हें करचों ना." बाकी व्हायोलिनवाल्यांनी त्यांच्याकडे बघून आपापले बो खाली घेतले, आणि कंडक्टर मुंबईचा, त्याला कळेना की हा संप आहे की ब्रेक. संगीतकार लाल झाली. तिला वाटलं अंकल तिच्या संगीतालाच नाही म्हणतायत.

चहाच्या वेळी मी अंकलना विचारलं तेव्हा त्यांनी बो माझ्या हातात दिला. पर्नाम्बुकोचा, ब्राझीलमधल्या झाडाचं लाकूड, चांगल्या बोसाठी दोनेकशे वर्षांहून जास्त काळ हेच वापरतात, आणि झाड इतकं कमी झालंय की 2007 पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स या धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींसाठीच्या कराराची बंधनं आहेत. असा जुना बो सहज लाखाच्या घरात जातो. काठीला वार्निश असतं, तारेवर आपटली की तिथे बारीक खुणा पडतात, दोन-तीन मिनिटं आपटत राहिलं तर लाकूडच घासतं. अंकलनी मुंबईत रेकॉर्डिंगच्या काळात हे केलंय म्हणाले, पण तेव्हा सोबत दुसरा स्वस्त बो असायचा. आता प्रवासाला एकच घेऊन आलेत कारण पार्टात काय आहे ते आधी कोणी सांगितलंच नव्हतं.

दुसरी अडचण हवेची. मे अखेरीला मालवणात दमट इतकं की बोचे घोड्याचे केस लांबतात, वादक स्क्रू पिळून पिळून ताण आणतो, आणि हाच ताणलेला बो गाडीच्या कोरड्या एसी डब्यात गेला की केस आखडतात आणि काठीवर जोर येतो. म्हणजे काठी आधीच त्रासलेली, त्यात तिनेच ठोकायचं. तिसरी गोष्ट संगीतकाराच्याच लिखाणातली होती. पावसाचा शेवट तिने अगदी मोठ्या आवाजात लिहिला होता. पण लाकडाने आपटून मोठा आवाज होतच नाही, जोर वाढवला की फक्त खडखड वाढते. इंग्लिश संगीतकार होल्स्टच्या मंगळावरच्या तुकड्यात सुरुवातीला सगळी तंतुवाद्यं लाकडाने ठोकतात तिथेसुद्धा त्याने सोबत टिंपनी (मोठे नगारे) लाकडी काठ्यांनी वाजवायला दिलीय आणि हार्पही. आमच्याकडे टिंपनी नव्हती. वादकांना हे ऐकूनच कळलं होतं, फक्त "हे वाजणार नाही" एवढंच म्हटलं गेलं आणि तिला ते उद्धटपणाचं वाटलं.

मग तोडगा निघाला तो तीन ठिकाणांहून थोडा थोडा. पेन्सिल करून बघितली, जगभर वादक हेच करतात, आपला बो वाचवायला पेन्सिलीने ठोकतात. आवाज फार टणक आला, काचेवर नखं मारल्यासारखा, संगीतकाराने कान झाकले. तेवढ्यात दुसऱ्या व्हायोलिनमधली एक पोरगी हॉलच्या कोपऱ्यातल्या खराट्याकडे गेली आणि त्यातून माडाचे चार हीर ओढून आणले. धुतले, पुसले, जाड टोकाला रबरबँड लावून दोन-दोन एकत्र बांधले आणि निमुळत्या टोकाने तारांवर सोडले. एक हीर ऐकूच येत नाही. दोन बांधलेले येतात, आणि दहा जणांनी एकमेकांशी जुळवायचा प्रयत्न न करता, मुद्दाम वेगवेगळ्या वेळी सोडले की झावळीवर पडणारी पहिली सर वाटते. हे बघून संगीतकाराने तिथल्या तिथे त्या पानावरचा ताल खोडला, "आपापल्या गतीने, शेजाऱ्याशी जुळवू नका" असं लिहिलं. माझ्या मते सगळ्या रचनेतला हा सगळ्यात चांगला बदल. अठरा जणांनी एकदम ठोकलं की तो पाऊस राहत नाही, ती कवायत होते.

पण हिराने शेवटचा जोराचा भाग होईना, तिसऱ्या रांगेपलीकडे काही पोचत नव्हतं. त्यासाठी गोव्यातल्या एका क्लासमधून विद्यार्थ्यांचे फायबरचे बो उसने आणले, पहाटेच्या गाडीतून, आणि शेवटचे काही बार (मात्रांचे छोटे गट) फक्त त्या बोवाल्यांनी लाकडाने, म्हणजे फायबरने, ठोकले. बासना तिने नेहमीसारखं बोटाने खेचायला दिलं पण तार फिंगरबोर्डवर (बोटं टेकवायच्या पट्टीवर) आपटेल इतकं जोरात, हंगेरियन संगीतकार बार्तोकच्या 1928 च्या चौथ्या क्वार्टेटपासून (चार तंतुवाद्यांची रचना) त्याला बार्तोक पिझिकातो म्हणतात, वर एक गोल आणि त्यातून रेघ अशी खूण असते. त्याने आवाजाला खालून पोट मिळालं.

अंकलनी हीर घेतला का? घेतला. पण पहिल्या रिहर्सलला नाही, आणि चेहऱ्यावर "आता हे दिवस बघायचे राहिले होते" असं स्पष्ट दिसत होतं.

एक व्हायोलावाला मात्र शेवटपर्यंत नाही म्हणाला. त्याने नुकत्याच नव्या तारा चढवल्या होत्या, महागाच्या, आणि हीर असो की फायबर, तो तारांवर काही आपटू देईना. त्याला डाव्या हाताची बोटं फिंगरबोर्डवर टपटप टाकायला दिली. मोठे थेंब. त्या एका जागी मला ते हिरापेक्षा बरं वाटलं.

दोर

सगळं संगीतकाराने सोडून दिलं असं वाटू नये म्हणून हे सांगतो. रापणीच्या दोरासाठी तिने बो दाबून हळू ओढायला सांगितला होता, तेव्हा अंकल म्हणाले त्यापेक्षा ब्रिजजवळ खालच्या सुरात थरथर वाजवूया, तसंच भासेल. तिने नाही म्हटलं आणि तिचं बरोबर होतं. नेहमी वाजवताना तार बोला चिकटते, सुटते, दर कंपनाला एकदाच, हे हेल्महोल्ट्झ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने 19 व्या शतकातच दाखवलंय. दाब फार वाढला की ते सुटणं अनियमित होतं आणि सूर मोडून करकर येते. ओला दोर डोलकाठीवर किंवा हातात सरकतो तेव्हा हेच होतं, चिकटतो आणि सुटतो. थरथर वाजवून तो आवाज येतच नाही, भासही होत नाही. तिने अंकलना बाजूला घेऊन एवढंच विचारलं की यात तुमच्या वाद्याचं काय बिघडतं. त्यांनी विचार केला आणि म्हणाले, काही नाही, एखाद-दुसरा केस तुटेल. मग झालं. त्यांनीच पुढे सगळ्यांना दाखवलं की दाब कोपरातून नको, बोटातून द्या, आणि बो मधल्या भागात ठेवा, टोकाला जोर येत नाही आणि बुडाशी आवाज भसकन फुटतो. हा बारकावा संगीतकाराला कुठल्या पुस्तकात मिळाला नसता.

खुंटी

इथे तर हवेनेच निकाल दिला. व्हायोलिनच्या खुंट्या लाकडी, नुसत्या घर्षणावर धरलेल्या. पावसाच्या तोंडाला कोकणात त्या सुजतात आणि घट्ट बसतात, नंतर कोरड्या जागी गेल्या की आकसून घसरतात. वाजवता वाजवता सुजलेली खुंटी फिरवायला गेलं की आधी हलत नाही आणि मग एकदम कच्चकन सुटते, तार सैल होऊन बाहेर येते किंवा परत ताणताना तुटते, आणि ब्रिज पुढे झुकतो तो वेगळाच. पहिल्या डेस्कवरच्या (एका स्टँडवर दोघं वाजवतात, त्याला डेस्क म्हणतात) एकीने प्रामाणिकपणे करून बघितलं आणि वरची तार गेली. स्पेअर होती म्हणून निभावलं.

कुडाळचा बासवाला दादा हे सगळं मागून बघत होता. म्हणाला, "फिरवूचा आसात तर माझ्याकडे द्या, हेका गिअर आसा." डबल बासला खुंट्यांऐवजी दातेरी यंत्र असतं, फिरवाल तितकंच फिरतं आणि तिथेच थांबतं. तो घसरता सूर दोन्ही बासना दिला, सगळ्यात जाड तारेवर, आणि भरती ओसरते ती खरं तर खालच्या सुरातच पटते, वरून व्हायोलिन घसरलं असतं तर विनोदी झालं असतं. एक मात्र, तार परत वर आणली की ती थोडी उतरलेली राहते, म्हणून त्यानंतर बासना आठ बारांची विश्रांती घातली, तेवढ्यात ते हळूच मिळवून घेतात आणि वर चेलो चालू असतो म्हणून कोणाला कळत नाही.

ठोके, आणि एक चेलो

वाद्याच्या अंगावर ठोक्यांना व्हायोलिनवाले तयार नव्हते, वरची फळी तीन मिलिमीटरच्या आसपास असते, बोटात अंगठी असली तर संपलंच. चेलोवाल्या बाईंनी करून बघितलं. वाद्याच्या बाजूच्या पट्टीवर बोटाच्या मऊ भागाने ठोकलं तर एका जागी नुसता ठक्क न येता बारीक झर्र आली. त्यांनी लगेच हात काढला, कान लावून कडेकडेने ठोकत गेल्या, आणि खालच्या बाजूला जोड सुटलेला निघाला. वाद्यं प्राण्यांच्या कातड्या-हाडांच्या सरसाने जोडलेली असतात, दमट हवेत तो सरस मऊ होतो आणि जोड उघडतो. दुरुस्तीवालेसुद्धा असंच ठोकून ठोकून सुटलेला जोड शोधतात. बाई आधी वैतागल्या, मग म्हणाल्या बरं झालं कळलं, गेले काही दिवस एका सुराला झर्र येतेय आणि मी तारेला दोष देत होते. कार्यक्रम त्यांनी तसाच वाजवला, नंतर गोव्याला जाऊन जोड बसवून घेतला.

ठोके शेवटी दोन्ही बासवाल्यांनी दिले. कोणीतरी सुचवलं की सरळ मृदंग आणूया, इथे गावोगावी आहे. संगीतकार म्हणाली मृदंग हवा असता तर मृदंगच लिहिला असता, लांबून येणारा मृदंग हवाय, वारा मध्ये आलेला. हे पटलं सगळ्यांना. बासच्या पोटातून येतो तो ठोका खरंच लांबचा वाटतो.

कुरवांचं फारसं सांगण्यासारखं नाही, चेलोंना ते आवडलं आणि पहिल्यांदाच आलं. फक्त दादाने विचारलं की कुरव येतात थंडीत, मे महिन्यात कुठले? पार्टावरचं "कुरव" खोडून "पक्षी" केलं.

कागदावरचा घोळ

जो वेळ वाया गेला त्यातला अर्धा तरी खुणांमुळे गेला. खुणांचा अर्थ सांगणारं पान कंडक्टरच्या स्कोअरला (सगळ्या वाद्यांचं एकत्र लिहिलेलं पुस्तक) होतं, वादकांना पाठवलेल्या फाइलींत नव्हतं. फुली असलेला सूर, चौकोनी डोकं, त्रिकोण, यातलं काहीच ठरलेलं नाही, प्रत्येक संगीतकार आपलं काढतो. फुली म्हणजे कोणी अंगावर ठोका समजलं, कोणी झाकलेली तार. दुसऱ्या दिवशी सकाळी मी नवे पार्ट छापले त्यात तिने प्रत्येक जागी साध्या मराठीत लिहिलं, "ब्रिजच्या माथ्यावर, सूर नको", "दाबून, हळू, दोर", आणि गोव्याच्या मंडळींसाठी खाली रोमन लिपीत कोकणीत. त्यापुढे प्रश्न जवळजवळ थांबले. इटालियन शब्द लागतात तिथे ठेवावेत, पण "दोर" वाचून बासवाल्याने जो आवाज काढला तो कुठल्याच इटालियन शब्दाने निघाला नसता असं माझं मत.

आणखी एक वेळेचा मुद्दा होता. हीर उचलायचा आणि बो ठेवायचा याला वेळ लागतो. तिने मध्ये वेळच ठेवला नव्हता. मग दोन डेस्कपैकी एक आधी बदलेल आणि दुसरा वाजवत राहील असं वाटून घेतलं, आणि हीर स्टँडच्या कडेला चिमट्याने लावले. पंख्यासाठी आणलेले चिमटे तिथे कामी आले.

कार्यक्रम आणि नंतर

लोक बऱ्यापैकी आले. रातकिड्यांना पोरं खिदळली, मग गप्प झाली. दशावताराच्या ठोक्यांना मागून कोणीतरी "संकासूर इलो" (दशावतारातलं राक्षसाचं पात्र) म्हणाला आणि अर्धा हॉल हसला, कंडक्टरला कळलं नाही पण संगीतकार खूश होती. दोर सगळ्यांना कळला, हे मला महत्त्वाचं वाटतं, कारण त्या हॉलमध्ये रापण ओढलेली माणसं बसली होती आणि त्यांना कार्यक्रमपत्रिका वाचायची गरज पडली नाही. पाऊस शेवटाला अजूनही कमी पडतो, हे अंकलही म्हणाले आणि ती पण मान्य करते.

पुढचा प्रयोग पावसाळ्यानंतर पणजीला ठरतोय. वादकांनी अंकलच्या मार्फत अटी कळवल्यात: खुणांच्या पानासकट पार्ट महिनाभर आधी हवा, लाकडाने ठोकायच्या भागासाठी फायबरचे बो आयोजकांनी आणायचे, तार तुटली तर तिचे पैसे मानधनाव्यतिरिक्त. आयोजकांनी पहिल्या दोन मान्य केल्यात, तिसरीवर बोलणं चालू आहे. व्हायोलावाल्याने आताच सांगून ठेवलंय की तो बोटंच वाजवणार.